नळीला आलेल्या देवी

आमचे लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बियाणे-खतांचे दुकान आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुरू केले त्या काळी वसुलीची रोकड पिशवीत घालून रात्रीच्या एसटीने घरी यावे लागे आणि म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेले बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. ते एकदाही कोणावर रोखण्याची वेळ आली नाही. बँका गावात आल्या, पुढे मोबाइलवरून पैसे येऊ लागले आणि रिव्हॉल्व्हर तिजोरीतच राहू लागले. अण्णांनी सत्तरी ओलांडल्यावर आम्ही ते माझ्या नावावर करून घेतले. 2016 च्या शस्त्र नियमांत तशी तरतूद आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले की ते कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यावर देता येते. कागदपत्रे, चौकशी आणि हेलपाटे यांत दीड वर्ष गेले. एवढ्या खटपटीने हाती आलेली वस्तू पुढच्या एका पावसाळ्यात मी कशी गंजवली आणि त्यातले काय दुरुस्त झाले, काय झाले नाही, हे लिहून ठेवतो आहे, कारण आमच्या भागात परवान्याची शस्त्रे बाळगणारी आणि ती कपाटात विसरून जाणारी माणसे मी एकटाच नाही.

2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली, तेव्हा मी ते चामड्याच्या कव्हरसह जमा केले. निकाल लागल्यानंतर जूनमध्ये ते परत मिळाले. त्या वेळी मृग नक्षत्र तोंडावर होते, दुकानात सोयाबीनच्या बियाण्यासाठी रांग होती आणि माझे लक्ष सगळे त्या रांगेकडे होते. मी पावतीवर सही केली, कव्हर जसेच्या तसे आणले आणि दुकानाच्या मागच्या खोलीतील तिजोरीत ठेवून दिले. तेलाचा हात फिरवला नाही, कव्हरमधून बाहेरही काढले नाही. त्या खोलीत तिजोरीच्या भिंतीला लागूनच आम्ही पोटॅश खताच्या गोण्यांची थप्पी लावतो, हे मात्र नीट लक्षात ठेवावे, कारण पुढची सगळी गोष्ट त्या थप्पीपाशी येणार आहे.

ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पुन्हा नोटीस आली. तिजोरी उघडून कव्हरचे बटण काढले तेव्हा रिव्हॉल्व्हर सहज बाहेर येईना. ते चामड्याला चिकटले होते. ओढून काढल्यावर चामड्याच्या आतल्या बाजूस नळीच्या आकाराचा तांबूस ठसा उमटलेला दिसला आणि नळीच्या टोकाकडील दोन बोटांचा भाग विटकरी रंगाच्या, बोटाला खरखरीत लागणाऱ्या थराने भरून गेलेला होता. हे रिव्हॉल्व्हर मधून मोडणाऱ्या जातीचे आहे. वरचा खटका दाबला की बिजागरीवर नळी आणि काडतुसे भरायचे चाक पुढे झुकते. काडतुसे आम्ही नेहमीच वेगळी ठेवतो, तरी सवयीप्रमाणे चाकाची सहाही घरे रिकामी असल्याची आधी खात्री केली आणि मग नळीतून खिडकीकडे पाहिले. एरवी आतल्या पिळदार खाचा आरशासारख्या चमकतात. त्या दिवशी तोंडाशी जुन्या पाइपात दिसतो तसा लाल अंधार होता.

त्यानंतर मी केलेली चूक सांगितलीच पाहिजे. घरात पंपाच्या दुरुस्तीसाठी आणलेला पॉलिश पेपर होता. तो घेऊन मी चौकटीवरचा गंज घासू लागलो. अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांनी आवाज ऐकला, काठी टेकत आत आले आणि माझ्या हातातून कागद अक्षरशः हिसकावून घेतला. “नंबर घासला गेला तर गंजापेक्षा मोठं लचांड गळ्यात पडेल, कळतंय का तुला?” एवढेच ते बोलले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. शस्त्रावर ठोकलेला क्रमांक किंवा कोणतीही ओळखखूण पुसणे, काढणे वा बदलणे हा 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 8 प्रमाणे गुन्हा आहे आणि तो हेतूने पुसला की अडाणीपणाने, हे नंतर न्यायालयात सांगत बसावे लागते. गंज नेमका क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवर पसरला होता. मी आणखी दहा मिनिटे घासत राहिलो असतो, तर ते आकडे गेलेच असते. मग अण्णांनीच सांगितल्याप्रमाणे जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने सगळीकडे भरपूर तेल लावले, कव्हर बाजूला काढले आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र तसेच, तेलकट फडक्यात गुंडाळून, जमा केले. पावतीवर ‘नळी गंजलेली’ असे मी आग्रहाने लिहून घेतले.

निकालानंतर शस्त्र परत मिळाल्यावर डिसेंबरमध्ये मी ते छत्रपती संभाजीनगरला एका उस्तादांकडे नेले. शस्त्राची दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. बनवणे आणि विकणे यांच्याबरोबर दुरुस्त करणे आणि चाचणी घेणे या गोष्टीही कायद्याने एकाच ओळीत बसवल्या आहेत. त्यामुळे गावातल्या लेथवाल्याने, तो कितीही कसबी असला तरी, यात हात घालू नये आणि आपणही त्याला घालू देऊ नये. उस्तादांचे वय सत्तरीच्या पुढचे, घराण्यात हाच धंदा. आमच्याकडचे त्या पिढीचे मुसलमान कारागीर बोलतात तशी त्यांची बोली, अर्धी मराठी आणि अर्धी दखनी. मी त्यांना चाचा म्हणत होतो आणि ते मला ‘मालक’ म्हणत होते, जरी पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी मला शाळेतल्या मुलासारखे फैलावर घेतले होते.

त्यांनी नळी बिजागरीपासून सोडवली, मागच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा कपटा धरला, त्यावर बॅटरीचा झोत टाकला आणि पुढून डोळा लावला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “चेचक निकली है नली को. रंग जाएगा, दाग नहीं जाएंगे.” देवी आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जसे वण राहतात, तसे नळीच्या आत राहणार, असा त्याचा अर्थ. पुढच्या दोन भेटींत त्यांनी जे केले, ते सारे या एका वाक्याचा विस्तार होता.

लोखंडाचा गंज हा वरून बसलेला मळ नव्हे, लोखंडच गंज झालेले असते. हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, तो भुसभुशीत असतो, आणि ओल धरून ठेवतो, म्हणून एकदा सुरू झाला की स्वतःच स्वतःला पोसतो. तो जर सारखा पातळ पसरला तर हानी थोडी होते; पण मिठाचा कण जिथे बसतो किंवा ओले चामडे जिथे टेकते, तिथे हवा कमी पोहोचते आणि नेमकी तीच जागा खोल खाल्ली जाऊ लागते. त्यातून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. चाचांनी मला विचारले, कव्हर कसे ठेवत होता, उभे की आडवे? मी म्हणालो, उभे, खुंटीला अडकवावे तसे तिजोरीतल्या आकड्याला. म्हणजे नळीचे तोंड खाली, कव्हरच्या शिवलेल्या बुडात. आधीचे थोडेबहुत तेल ओघळून गेले असणार, आणि चामड्याने शोषलेली ओल तिथेच साठली असणार. कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि क्षार राहिलेले असतात. ते कोरडे असताना निरुपद्रवी आणि ओले झाले की लोखंडाचे वैरी. कव्हर हे बाळगण्यासाठी असते, ठेवण्यासाठी नसते, हे त्यांनी तीनदा सांगितले.

पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. चार महिन्यांत एवढे खोल खड्डे नुसत्या चामड्याने पडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी विचारले, जुनी काडतुसे उडवून नळी न धुता ठेवली होती का? पूर्वीच्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागातील, मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे; ते जळाले की नळीत पोटॅशियम क्लोराइडचा, म्हणजे मिठाच्या सख्ख्या भावाचा, थर उरतो. तो हवेतील पाणी ओढतो आणि कितीही तेल लावले तरी विरघळत नाही, त्याला पाणीच लागते. म्हणून जुने शिपाई गोळीबारानंतर नळीत आधी उकळते पाणी ओतत आणि मग तेल लावत. आम्ही तर कित्येक वर्षांत एकही गोळी उडवलेली नव्हती. मी तसे सांगितले आणि सांगतानाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोटॅशियम क्लोराइड म्हणजेच आमचे म्युरिएट ऑफ पोटॅश. लाल रंगाचे, 50 किलोच्या गोणीतले, तिजोरीला टेकवून रचलेले. गोणी फुटली की त्याची पूड खोलीभर उडते. ती हिशेबाच्या वहीवर बसते, गल्ल्यावर बसते, आणि तिजोरी उघडी असताना आतही बसते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की ही पूड चिकट होते, मग पाझरू लागते. त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच मराठवाड्यात अतिवृष्टी झाली होती, आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला हात लावला तरी ओल लागत होती. दुकानाच्या शटरची पट्टी दर तीन वर्षांनी का कुजते, याचा मी आजवर विचार केला नव्हता. चाचांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले की, काडतूस न उडवता काडतुसाची घाण नळीत भरणारा मालक त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

परंड्याच्या किल्ल्यात गेलेल्या कोणाच्याही मनात येईल की, तिथल्या तोफा शतकानुशतके उन्हापावसात पडून आहेत, मग त्यांचे काही बिघडत नाही आणि माझी तीन इंचांची नळी चार महिन्यांत कशी जाते? पण ज्यांचे आपण कौतुक करतो त्या तोफा पंचधातूच्या, त्यावर हिरवट थर चढतो आणि तो थरच आतल्या धातूची राखण करतो. विजापूरची मुलुख-मैदान याच परंड्याहून नेलेली, तीही ओतीव मिश्रधातूची. पोलादाला असले कवच लाभलेले नाही.

कामाला सुरुवात झाली ती अगदी निरुपद्रवी गोष्टींनी. नळी दोन दिवस पातळ, झिरपणाऱ्या तेलात बुडवून ठेवली. मग लांब सळईला लावलेल्या पितळी तारांच्या ब्रशाने, प्रत्येक वेळी मागच्या बाजूने शिरवून, आत सावकाश हात फिरवला. मागूनच का, असे मी विचारले. पुढच्या तोंडाची कड ही गोळीचा शेवटचा स्पर्श असलेली जागा. ब्रशाची सळई तिथे घासली तर कड एका बाजूला झिजते आणि गोळी त्या बाजूने बाहेर पडताना हिसका खाते. बारा-चौदा चिंध्या लाल निघाल्या. मला एनसीसीतले दिवस आठवले. तिथे पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, 4 बाय 2 इंचांची चिंधी लावून रायफलीची नळी ओढायला लावीत आणि चिंधी पांढरी निघेपर्यंत सुट्टी होत नसे. त्या वेळी तो हवालदाराचा छळ वाटत असे.

चिंध्या पांढऱ्या निघू लागल्यावर मला वाटले, झाले काम. तेवढ्यात चाचांनी शेगडीवर पातेले ठेवले. त्यात त्यांनी नळाचे किंवा बोअरचे पाणी घातले नाही, गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी दोन बाटल्या ओतले. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते, ते पाणी नळीत नको, असे त्यांचे साधे गणित. तेल पूर्ण धुऊन काढलेली नळी तारेला बांधून त्यांनी उकळत्या पाण्यात सोडली. पाण्याने गंजलेली वस्तू पाण्यात उकळताना पाहून मी खरोखर अस्वस्थ झालो. वीस मिनिटांनी त्यांनी ती वर काढली. बाहेर आणि आत जिथे जिथे लाल उरले होते, तिथे आता मखमलीसारखा मऊ काळा रंग होता. गरम धातूवरचे पाणी पाहता पाहता उडून गेले. लाल गंज उकळत्या पाण्यात काळ्या चुंबकीय ऑक्साइडमध्ये बदलतो. हा काळा थर पुढे गंज पसरवत नाही, उलट तेल धरून ठेवतो. बंदुकांना जुन्या पद्धतीने काळा-निळा रंग चढवतात तोही याच रीतीने, मुद्दाम गंजवून आणि उकळून. वरचा सैल काळा भुगा त्यांनी अतिशय बारीक स्टील वूलने, बाळाचे अंग चोळावे इतक्या हलक्या हाताने, काढला. हे त्यांनी तीनदा केले. यात एक लाभ असा की, धातूचा एक कणही घासला जात नाही. क्रमांकावरचा गंजही असाच काळा होऊन सुटला आणि खालचे आकडे जसेच्या तसे वर आले.

रंग गेला, आता डाग. त्यांनी मऊ शिशाचा गोळीच्या मापाहून किंचित जाड तुकडा तेल लावून मागून नळीत बसवला आणि लाकडी दांड्याने हलकेच पुढे सरकवला. मग दांडा माझ्या हातात दिला आणि मला ढकलायला लावले. सुरुवातीला घट्ट, एकसारखा अडथळा जाणवत होता. तोंडापासून बोटभर अंतरावर तो अडथळा एकाएकी नाहीसा झाला, अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसे हाताला झाले. तिथे पोलाद खाल्ले गेले होते. बाहेर आलेल्या शिशाच्या तुकड्यावर खाचांचे ठसे स्पष्ट होते, फक्त एका बाजूला ते पुसट होते. मायक्रोमीटरने माप घेऊन त्यांनी ते वहीत लिहिले.

मी अर्थातच विचारले की आता हे भरून काढता येईल का? वेल्डिंगने? आत दुसरी बारीक नळी बसवून? नाहीतर पुढचा अर्धा इंच कापून? चाचांनी प्रत्येकाला नकार दिला आणि प्रत्येकाचे कारण दिले. नळीत वेल्डिंग केले तर पोलादाची घडण बिघडते. आतून घासून खड्डा सपाट करायचा तर सगळी नळीच खड्ड्याच्या खोलीएवढी मोठी करावी लागेल, मग गोळी सैल जाईल आणि मागून वायू निसटेल. दुसरी नळी बसवणे किंवा आख्खी नळी बदलणे हे कारखान्याचे आणि चाचणी करून शिक्का मारणाऱ्यांचे काम. शिवाय या जातीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी आणि वरची पट्टी एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेली असते, ती आट्यांवरून फिरवून काढता येत नाही. आणि नळी आखूड करणे? त्याला शस्त्र कायद्याचे कलम 6 आड येते, असे ते म्हणाले, आणि त्यापलीकडे त्या विषयावर बोलायलाच तयार झाले नाहीत. मला त्यांचा हा नकार त्यांच्या हातातल्या कसबाइतकाच मोलाचा वाटला. काम मिळवण्यासाठी ‘होऊन जाईल’ म्हणणारे कारागीर मी बोअरवेलपासून ट्रॅक्टरपर्यंत पुष्कळ पाहिले आहेत.

तोंडाच्या कडेवरचे दोन बारीक खड्डे मात्र त्यांनी काढले. गोल माथ्याचा पितळी स्क्रू, त्यावर इंजिनच्या व्हॉल्व्हला लावतात ती पेस्ट आणि हाताने फिरवायचा ड्रिल, एवढेच साहित्य. स्क्रू फिरत असताना हात सतत गोलगोल झुलवायचा, म्हणजे कड सगळीकडून सारखी येते. पाव तासाने कडेवर केसाएवढी चकचकीत वर्तुळाकार रेघ दिसू लागली, अखंड, कुठेही न तुटलेली.

वापरता येईल का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी खड्ड्यांच्या जागेवरून दिले. काडतूस पेटल्यावर सर्वांत जास्त दाब चाकात आणि नळीच्या मागच्या भागात पडतो, गोळी पुढे सरकते तसा तो झपाट्याने उतरतो. आमचे खड्डे तोंडाजवळ होते. मागचा भाग आणि चाकाची घरे साफ निघाली. हेच खड्डे मागे असते तर ते शस्त्र मला परत द्यायलाच ते तयार झाले नसते. आता धोका कमी, पण नेमही कमी. बिलावर त्यांनी उर्दू वळणाच्या मराठी अक्षरांत लिहून दिले: नळीत पुढील बाजूस खड्डे, भरता येत नाहीत, दर सहा महिन्यांनी तपासणे.

तिजोरी आता घरी, वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत आहे. रिव्हॉल्व्हर तेलाचा पातळ हात दिलेल्या सुती फडक्यात आडवे असते. काडतुसे वेगळ्या डब्यात आणि तेलापासून लांब, कारण झिरपणारे तेल टोपीत शिरले की काडतूस मुके होते. शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की ती तव्यावर गरम करून पुन्हा निळी करतो. अर्थात तो तवा स्वयंपाकाचा नाही, यावरून घरात एकदा रीतसर भांडण होऊन निकाल लागलेला आहे. चामड्याचे कव्हर अण्णांनी टाकू दिले नाही. ते रिकामेच खुंटीला टांगलेले आहे, आतला तांबूस ठसा अजून तसाच आहे.

परवा ठाण्यातून शस्त्रपडताळणीसाठी बोलावणे आले होते. अंमलदारांनी परवाना उघडला, रिव्हॉल्व्हर दिव्याखाली तिरपे धरले आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत वहीशी ताडून पाहिला. पहिल्या दोन आकड्यांपाशी ते क्षणभर थांबले, अंगठ्याने त्या काळसर जागेवरचे तेल पुसले, आणि पुढे वाचू लागले.